डुकराच्या चित्राची रेकॉर्ड

अमडापूर, ११ मे

अनुपमा,

आन् वरून म्हणे मले जीव घाबरला म्हणून माहेरी आली. जीव तुहा घाबरला का माह्या भावाचा? काल दुपारी जीवन पिंपळगाव राजाहून माह्या दारात आला तो खांद्यावर पोतं घेऊन. मले वाटलं भुईमूग आणला. अंगणात उलटं केलं तर काळ्या ठिकऱ्या. ढीगच. कोंबड्या पळाल्या, शेजारचे जमले. त्याचे दोन्ही तळहात फाटलेले, रक्त मनगटापर्यंत वाळलेलं. मी म्हटलं, हे काय बे? तर म्हणे, "ताई, रेकॉर्डा हायेत. अनुपमानं फोडल्या. सगळ्या."

फोन लावला तर तुहा बंद. म्हणून लिहून राह्यली. मी चौथी शिकलेली बाई, पेन धरला की बोटं दुखतात, तरी लिहून राह्यली, म्हणजे आग किती लागली असन ते समजून घे. वैजनाथचा टमाट्याचा टेम्पो मेहकर करून डोणगावले जातो, त्याच्या हाती देते.

बारा वर्षं त्याच्या घरात राह्यली. त्या रेकॉर्डा काय होत्या ते तुले माहीत नाई का? नसन तर ऐक.

बाबांची, म्हणजे तुह्या सासऱ्याची, भगवंतरावाची लाऊडस्पीकरची सर्विस होती. लग्नात वाजवायले खामगावच्या व्यापाऱ्याकडून रेकॉर्डाचा गठ्ठा घ्यावा लागे. वर चार सिनेमाच्या, खाली सगळी इंग्रजी भरती, कोणी न घेतलेली. ती भरती मांडवात लावली असती तर नवरदेव पळाला असता. खाली ढोल बडवल्यावानी, वरून माणूस असा कोकलते का जसा त्याचा पाय गाडीखाली आला. जीवन त्याले हेवी मेटल म्हणतो. मेटल म्हणजे लोखंड म्हणे. वाजतेबी लोखंडावानीच.

आमचं घर गावाच्या कडेले, वावरात. एक दिवस मक्यात रानडुकरं घुसली, बाबांनी भोंगा तिकडं फिरवला आन् भरतीतली एक लावली. डुकरं जी पळाली ती दुसऱ्या शिवारात. तवापासून भरती कामाची झाली. बाबांले इंग्रजी वाचता येत नव्हतं, तर मंधातल्या गोल कागदावर दुसरा कागद चिकटवून चित्र काढत. डुक्कर काढलं का ती डुकराची. पाखरू काढलं का ज्वारीच्या पाखराची. रोह्याचं, त्या नीलगाईचंबी चित्र होतं, पण रोही कोण्याच रेकॉर्डीले भ्याला नाई, उभा राहून ऐके. काम झालं का ज्या रेकॉर्डीचा पुठ्ठा हाताले येईल त्यात घालून ठेवत.

बाबा गेले, लग्नात डीजे आले, जीवन त्या रेकॉर्डातच अडकून राह्यला. खामगावचे भंगारवाले, अकोल्याचा जुना बाजार, भुसावळची रेल्वेची घरं. कोण्या फिरंगी ड्रायव्हरच्या नातवानं घर विकायले काढलं का हा तिथं हजर. पहिल्या वख्ताची तसली गाणी, ज्या बँडाचं नाव त्यांच्या गावातबी कोणाले माहीत नाई, ती शोधून आणायची. पुण्यामुंबईचे लोक त्याले फोन करून विचारतात, जीवनभाऊ, ही कोणती? त्याले दारू नाई, पत्ते नाई, बाहेरची बाई नाई. एक छंद, तोबी घरातल्या घरात.

आन् तू त्या पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचल्या. ठेचा करता का व रेकॉर्डाचा? मी तिथं असती तर तोच वरवंटा तुह्या बोटावर घातला असता, आन् मंग विचारलं असतं, कसं वाटते.

रविवारी सकाळच्या गाडीनं पिंपळगावले ये. त्याच्या पायावर डोकं ठेव. नाई आली तर मी डोणगावले येईन, आन् मी आल्यावर शेजारीपाजारी कवाडं लावून घेतात हे तुले माहीत हाये.

छाया


डोणगाव, १४ मे

छायाताईंना नमस्कार.

फोन विहिरीत आहे. मी टाकलेला नाही.

रेकॉर्डी फोडल्या माझ्याच हाताने, ते खरं आहे. त्याआधी मी त्या उन्हात ठेवल्या, तेही खरं आहे. पुठ्ठ्यांना बुरशी आली होती. अक्षय्य तृतीयेला तुम्ही आलात, दारातच नाकाला पदर लावला आणि म्हणालात, "धान्याले ऊन दाखवतं, गाद्यांले दाखवतं, याले काऊन नाई दाखवत?" म्हणून दाखवलं.

पुढचं ह्यांना विचारा. मी रविवारी येणार नाही.

अक्षर असं आलं आहे. वाचून घ्या.

अनुपमा


अमडापूर, १८ मे

अनुपमा,

दहा ओळी लिहिल्या, त्याबी कोंबडी पाय घासून गेल्यावानी. बारावी झालेली तू. वैजनाथ म्हणे, "काकू, हे पत्र हाये का रांगोळी?" आन् त्यात काय, तर फोडल्या माझ्याच हाताने. हे लिहायले काही वाटलं नाई? चोर तरी एकदा नाई म्हणतो.

ऊन दाखव म्हटलं असन मी. मी दिवसभरात काय काय म्हणते. बुरशी लागली का सारं जग ऊन दाखवते. गहू उन्हात ठेवला तर गहूच राहते. मले काय माहीत का ते पापडावानी वळते. बरं, वळल्या तर वळल्या. वळल्या म्हणून फोडायच्या का? पोर कुबडं निघालं तर विहिरीत टाकतात का?

मी स्वतः पिंपळगावले जाऊन आली. दोन दिवस राह्यली. जीवन पोत्यातल्या ठिकऱ्या जमिनीवर मांडून बसला होता, कोणती कोणत्या रेकॉर्डीची ते जुळवत. एक डिंकानं चिकटवली आन् लावली. सुई टक् करून उडी मारे, मधीच कोकले, मंग पुन्हा टक्. डोये मिटून ऐकत बसला. मी म्हटलं, "बंद कर बे, शेजारची म्हैस आटन." हसला. खरंच हसला. मंग माह्या हातची भाकर खाल्ली आन् म्हणे, "ताई, तिले म्हणा ये. मी काही म्हणत नाई तिले."

भोंग्याचं बूड चेपलेलं दिसलं. म्हटलं हे काय, तर म्हणे पडला. उंबऱ्यापाशी कशाचा तरी डाग वाळला होता, मी शेणानं सारवून घेतला. बाई नसली का घराची अशी दशा होते.

एकच रेकॉर्ड वाचली. ती लोहारवाली, जिच्या पुठ्ठ्यावर लोहार ऐरण ठोकून राह्यला आन् ठिणग्या उडून राह्यल्या. ती तुह्या हाती लागली नाई, त्याच्या उशाशी होती. जीवन म्हणतो ती साऱ्या जगात दहापाच लोकांजवळ असन. पुण्याचा विहंग म्हणून एक माणूस हाये, तोबी असाच जमवणारा, तो मुद्दाम ती पाहायले येणार हाये. पाहुण्यासमोर घर असं बायकोवाचून दिसावं का?

म्हणून मी दोन जूनले, शुक्रवारी, बैठक बोलावली. तुह्याकडचे दोन, आमच्याकडचे दोन, पिंपळगावच्या मारोतीच्या पारावर. तिथं तू चूक झाली म्हणायचं आन् तिथूनच घरात जायचं. जबान मी देते. तो तुले बोटबी लावणार नाई. माह्या भावानं आजवर डुकराले दगड मारला नाई.

छाया


डोणगाव, २१ मे

छायाताई,

तुम्ही सारवला तो डाग माझ्या तोंडातल्या रक्ताचा होता.

अक्षर कोंबडीचं आहे कारण ते डाव्या हाताचं आहे. माझ्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं आहे. मेहकरला फोटो काढला. हात गळ्यात बांधून ठेवला आहे. मला वाटलं होतं तुम्ही त्यांना विचाराल आणि ते सांगतील. आता मीच सांगते.

त्या दिवशी हे खामगावला गेले होते. मी अंगणात गोधड्या अंथरल्या, त्यावर एकेक रेकॉर्ड मांडली, कुरडया मांडतो तशी, एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये जागा सोडून. पुठ्ठे पुसून भिंतीला टेकवून ठेवले. खरं सांगते, मला वाटलं, आल्यावर खूष होतील. दुपार कलल्यावर बाहेर आले तर सगळ्यांच्या कडा वर आल्या होत्या. मी घाबरले. त्या उलट्या करून एकावर एक ठेवल्या आणि वर पाटा ठेवला, सरळ होतील म्हणून. तेवढ्यात हे आले.

त्यांनी एक उचलून आत नेली आणि लावली. सुई घसरली. परत लावली, परत घसरली. मग बाहेर येऊन भोंगा उचलला. त्याच्या मागे तो लोखंडी गोळा असतो ना, जड, तो माझ्या खांद्यावर घातला. मी पडले ती तोंडावर, उंबऱ्यावर. एक दात तिथेच गेला.

मला वाटलं झालं. झालं नव्हतं. त्यांनी पाटा ओढून माझ्यापुढे ठेवला. वरवंटा माझ्या डाव्या हातात दिला. एक रेकॉर्ड पाट्यावर ठेवली आणि म्हणाले, "फोड."

मी नाही म्हटलं. ते आत जाऊन कुऱ्हाड घेऊन आले. आवाज चढवला नाही, ताई. जेवायला वाढ म्हणतात त्या आवाजात म्हणाले, "तुले वाकवता येते, फोडताबी येईल. फोड." मी फोडली. दुसरी ठेवली. फोडायच्या आधी प्रत्येकीची ओळख सांगायचे. ही भुसावळच्या म्हाताऱ्या बाईच्या पलंगाखाली होती. हिच्यात ढोल वाजवणारा विशीत मेला. हिच्यासाठी मी अकोल्याच्या फलाटावर झोपलो. सांगून झालं की, "फोड." वरवंटा उचलला की मोडलेलं हाड आत सरकायचं, मी ओरडायचे, ते थांबायचे. माझं ओरडणं संपलं की पुढची ठेवायचे.

सगळ्या संपल्यावर शेजारी आले. त्यांना म्हणाले, बघा माझ्या बायकोने काय केलं. वरवंटा माझ्याच हातात होता. मग ठिकऱ्या ते हातांनीच गोळा करू लागले, दोन्ही हातांनी, कापत होत्या तरी.

तुम्ही जबान देता की ते बोट लावणार नाहीत. त्यांना बोट लावायची गरज पडत नाही.

अनुपमा


अमडापूर, २३ मे

अनुपमा,

वाचलं. दोनदा वाचलं. मंग जीवनले फोन केला आन् सरळ विचारलं, मी आडून विचारणारी बाई नाई. तो म्हणे, "ताई, गोधडीत पाय अडकून पडली ती. हाड तवाच मोडलं असन. मी दवाखान्यात चाल म्हटलं तर माहेरी पळाली."

आता तू सांग, मी कोणाचं खरं मानू? माय गेली तवा तो चड्डीत मुतत होता, मी त्याले कडेवर घेऊन वावरात निंदलं. असा माणूस बायकोच्या हातात वरवंटा देऊन उभा राहीन? हे कोण्या टीव्हीत पाह्यलं तू?

हाड मोडलं त्याचं मले वाईट वाटते. दूध पी, हळद पी. पण संसार असा मोडत नाई. तुह्या भावालेबी मी निरोप धाडला होता. तो म्हणतो, बैठकीले मी स्वतः घेऊन येतो. तो शहाणा हाये.

छाया


डोणगाव, २५ मे

छायाताई,

बैठकीला येते. भावाने काल रात्री जेवताना सांगितलं, तुमचा निरोप आल्यापासून त्याला हलकं वाटतंय. वहिनी माझं ताट करत नाही, मी उठून डाव्या हाताने घेते. आई मान खाली घालून बसते.

पारावर चूक झाली म्हणेन. तुम्ही सांगाल ते म्हणेन. एकच करा. मी यायच्या आधी घरातला पाटा-वरवंटा कोणाला तरी देऊन टाका. मिक्सर आहे, मी त्यावर भागवीन.

अनुपमा


अमडापूर, २९ मे

अनुपमा,

येऊ नको. भावानं बळंच गाडीत बसवलं तर मधी उतर. आधी सारं वाच, मंग काय करायचं ते सांगते.

बैठकीच्या आधीच, शनिवारी विहंग आला. मी सकाळीच जाऊन स्वयंपाकाले लागली होती. काळी बंडी, त्यावर कवटी, केस माह्यापेक्षा लांब, पण वळणाचा माणूस. मी म्हटलं, "बुवा, पहिले जेवता का?" तर म्हणे, "ताई, आधी रेकॉर्ड बघतो. मग हात तेलकट झाले तरी चालतील." मले आवडला तो. लोहाराच्या पुठ्ठ्यातून त्यानं रेकॉर्ड अशी काढली का जशी कोण्या बाळंतिणीजवळचं लेकरू उचललं. कागदावरचं चित्र पाहून म्हणे, "जीवनभाऊ, हे डुक्कर कोणी काढलं?"

"आमच्या बाबांनी."

"पळायची का हो डुकरं?"

"पळत. पण ही लावली का आमची ताईबी पळे."

दोघं हसले. मीबी हसली. मंग ती लावली. मी भाकरी थापून राह्यली होती, ते गाणं मले अजून पाठ हाये, कुठं ढोल थांबते आन् कुठं तो कोकलते. विहंग मांडीवर हात मारत ऐकत होता. संपल्यावर त्यानं मोबाईलचा उजेड रेकॉर्डीच्या आतल्या काठावर धरला. तिथं बारीक आकडा खरवडलेला असते, त्यावरून कोणती ते समजते म्हणे. लय वेळ पाहत राह्यला.

"पुठ्ठा अस्सल आहे," तो म्हणे, "असा पुठ्ठा मी पहिल्यांदा पाहतोय. पण आतली रेकॉर्ड ह्या पुठ्ठ्यातली नाही. ही दुसऱ्याच बँडची आहे. चांगली आहे, पण ही पुण्यात माझ्याकडेसुद्धा आहे."

मी चुलीपासून म्हटलं, "बाबांनी अदलाबदल केली असन, ते कुठंबी—"

"तू गप बस," जीवन म्हणे.

विहंग बिचारा सरळ माणूस. म्हणे, "पण जीवनभाऊ, तुम्हाला आकडा दिसला नाही असं कसं होईल? मला फोनवर हे आकडे वाचायला तुम्हीच शिकवलंत."

तेवढंच बोलला तो. जीवन उठला, कवाडामागची कुऱ्हाड घेतली आन् दांड्याचा फटका त्याच्या जबड्यावर दिला. ओलं लाकूड फुटते तसा आवाज झाला. दुसरा बरगडीत. विहंग ओरडला नाई, त्याचं तोंडच उघडत नव्हतं. खाली पडून हातानं डोकं झाकत होता, आन् जीवन त्या हातावर मारत होता, घाई नाई, पाणी शेंदल्यावानी एकाएका दमानं.

मी मंधात गेली. मले वाटलं, मी गेली का थांबन. जल्मभर असंच झालं, मी आवाज केला का गडी माणसं थांबली. त्यानं माहा दंड धरला आन् मले पाट्यापुढं बसवलं. होय, पाटा होता. तू काढायले सांगितलं होतं, मी म्हटलं, हिच्या मनाचे खेळ. वरवंटा माह्या हातात दिला. रेकॉर्ड पाट्यावर ठेवली. डुक्कर माह्याकडं पाहत होतं. "फोड," तो म्हणे. कुऱ्हाड सुलटी धरली होती. आवाज तू लिहिला तोच. जेवायले वाढ म्हणतात तो.

मी फोडली.

मी, छाया. मी त्याच्या थोबाडात मारली नाई, शिवी दिली नाई, का मारतो म्हटलं नाई. दोन्ही हातानं वरवंटा उचलला आन् फोडली. एका फटक्यात फुटली नाई तर म्हणे, "अजून." तर अजून मारलं.

मंग तो दारात गेला. माणसं जमली होती. म्हणे, "पाहा, बहिणीनं फोडली. बाबांची शेवटची होती. पाहुणा सोडवायले गेला तर त्यालेबी लागलं." आन् लोकांनी माना हलवल्या. शेजारची सोजराबाई म्हणाली, "छायाचा हात जडच हाये पहिल्यापासून." वरवंटा माह्या हातात होता, अनुपमा. मी काय बोलणार होती? विहंगले गाडीत घालून खामगावच्या दवाखान्यात नेलं, तेवढं केलं.

आता एक सांगते, जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाई. कोणालेच सांगितलं नाई. भोंगा मक्याकडं तोंड करून असे तवा तो डुकरासाठी. पण कधी कधी बाबा तो घरापुढं गावाकडं तोंड करून ठेवत. तवा वावरात डुक्कर नसे. घरात माय असे. कवाड लावून घेत. रेकॉर्ड बदलायले मले बाहेर बसवत, कारण मधी थांबली का मायचा आवाज गावात जाई. गावातले म्हणत, भगवंतरावाच्या वावरात आज डुकरं लय झाली. जीवन भोंग्याच्या बुडाशी कान लावून बसे. त्याले काय ऐकू आलं, गाणं का माय, ते मी सांगू शकत नाई. दोन्ही त्याले एकच वाटलं असन.

आता लोक म्हणून राह्यले, असल्या गाण्यानं त्याचं डोकं फिरलं. गाण्यानं काही होत नाई. तीच गाणी रोह्यानं ऐकली, मी ऐकली, त्या विहंगनं ऐकली. तो जबडा तारेनं बांधून पडला हाये आन् कागदावर मले काय लिहून देतो, तर "जीवनभाऊंना त्रास नको." एवढा भला माणूस मले कामाचा नाई. तो तक्रार करत नाई, दोन दिवसात पुण्याले जातो.

मी पोलीस ठाण्यात जाऊन आली. तिथले साहेब नीट बोलले. म्हणे, ज्याले लागलं त्यानं यावं, हाडाचा फोटो आणावा, मंग लिहून घेतो. मले लागलं नाई. मले कुठं खरचटलंबी नाई. म्हणून तू पाहिजे.

शुक्रवारची बैठक मीच बोलावली, ती मी मोडत नाई. चार माणसं जमतील, तिथं मी उभी राहून सांगीन का माह्या भावानं तुह्यं हाड मोडलं, विहंगचा जबडा मोडला, आन् रेकॉर्डा आम्हा दोघींच्या हातानं फोडून घेतल्या. पण तू तिथं मान खाली घालून चूक झाली म्हणाली तर मी खोटी पडते, आन् तो तुले पारावरूनच घरात नेतो. रोज सकाळी मले फोन करून विचारतो, "ताई, अनुपमा शुक्रवारी नक्की येते ना?" गोड बोलतो. नवीन पाटा छिन्नीनं टाकी लावून आणला म्हणे.

तर असं कर. शुक्रवारी पारावर यायचं नाई, सकाळीच माह्यासंगं ठाण्यात जायचं. हाडाचा फोटो पदराखाली घेऊन वैजनाथच्या टेम्पोत ये. तिथून मी एकटी बैठकीले जाईन, आन् तू माह्या घरी, अमडापूरले. मागची खोली खाली केली. कांदे होते, काढले. तुह्या भावाले जे सांगायचं ते मी सांगीन, त्याचं ताट मी करते पहा कसं. तुले मी खोटी म्हटलं त्याचं नंतर बोलू, आता त्याले वख्त नाई.

भावाच्या फोनवर काही सांगू नको, तो जीवनशी बोलून राह्यला. वैजनाथ बुधवारी सकाळी येईल. तू लिहून देईपर्यंत दारातून हलायचं नाई असं मी त्याले बजावलं हाये, टमाटे नासले तरी. ठाण्यात येते का नाई, एवढंच लिही. मले गुरुवारी दिवस मावळायच्या आत उत्तर पाहिजे.

छाया